दुमडलेला अंगठा

न्हावऱ्यात दूध घालणारी घरं पाच-पन्नास असतील, पण धार काढण्याचा विषय निघाला की नाव एकच निघायचं, सोजराबाईचं. पहिलारू म्हैस लाथा झाडायला लागली, कासेला हात लावू देईना, की माणसं घमेलं-चरवी तिथंच टाकून सोजराबाईला बोलवायला यायची. बाई यायची, म्हशीच्या पुठ्ठ्यावर दोन थापा मारायची, उकिडवी बसायची आणि बघता बघता चरवीत फेस वर यायचा. चाळीस वर्षांत आपल्या हातून चरवी कधी सांडली नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. एकदा सांडली होती. ती एक वेळ ती सोयीस्कर विसरायची, आणि आठवण करून देण्याची छाती गावात कुणाची नव्हती.

तिच्या हाताची करामत होती ती अंगठ्यात. अंगठा आत दुमडायचा, त्याचं पेर सडाला टेकवायचं आणि त्या पेरावर बाकीची चार बोटं आवळायची. असं केलं की धार जाड आणि जोरात येते. तीन म्हशी अर्ध्या तासात मोकळ्या होतात आणि दुधाची गाडी चुकत नाही. ही रीत तिला शिकवली तिच्या सासूनं, भागुबाईनं. भागुबाईला तिच्या सासूनं शिकवली असणार. म्हशीला यात काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, आणि अंगठ्याला काय वाटतं हे विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

सहा वर्षांपूर्वी सोजराबाईच्या सत्यजीतचं लग्न झालं आणि भीमेपलीकडच्या खुटबावातून मोनाली सून म्हणून आली. बारावी झालेली, बोलायला कमी, कामाला चांगली. लग्नाच्या हळदीचा रंग उतरायच्या आतच ती गोठ्यात उतरली. पण ती धार काढायची ती मुठीनं. अंगठा आणि पहिलं बोट सडाच्या बुडाशी मिटवायचं, मग खालची बोटं एकामागून एक. तिच्या आईची तशी पद्धत होती. म्हैस डोळे मिटून रवंथ करीत उभी राहायची, पण वेळ लागायचा. शेजारच्या दोघीतिघी दूध न्यायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर सोजराबाई हसली.

"खुटबावात म्हशी गोंजारत्यात व्हय? आमच्याकडं धार काढत्यात."

बायका हसल्या. मोनालीही हसली, कारण नव्या सुनेला दुसरं काय करता येतं? दुसऱ्या दिवसापासून सोजराबाई तिच्यामागं बसून तिचा अंगठा दुमडू लागली. यात छळ नव्हता बरं का. सासूनं जीव लावून शिकवलं. पहिले आठ दिवस पोरीची बोटं सुजली तेव्हा रोज खोबरेल तेल कोमट करून तिनंच चोळून दिलं. महिन्याभरात मोनालीची धार घुमायला लागली आणि सोजराबाई गावभर सांगत सुटली, माझ्या सुनंचा हात बघा.

सहा वर्षं अशी गेली. गेल्या दिवाळीनंतर सोजराबाईला कळून चुकलं की आपला अंगठा आपलं ऐकत नाही. चिमटीत मीठ येईना. पेंडीच्या पोत्याची सुतळी सुटेना. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, एक टेंगूळ वर आलं आणि हात थंड पाण्यात घातला की कळ थेट कोपरापर्यंत जाई. तिनं निरगुडीचा पाला बांधला, हळद-चुना लावला, आणि कुणी विचारलं तर "खरचटलंय" म्हणून सांगितलं. खरचटल्याचं टेंगूळ कुठं येतं? पण सोजराबाईशी वाद कोण घालणार.

एका सकाळी भरलेली चरवी उचलताना अंगठा आतल्या आत सटकला आणि सात लिटर दूध गोठ्याच्या उतारावरून मोरीला गेलं. सोजराबाई सांडलेल्या दुधाकडे बघत तशीच बसून राहिली. तेव्हा मोनालीनंच ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीनं सासूला शिरूरला नेलं.

शिरूरात शायना मणेर नावाची तरुण फिजिओथेरपीची डॉक्टर होती. बांगड्यावाल्या मणेरांची नात. तिनं एक्स-रे काढून आणायला लावला, तो उजेडावर धरला, अंगठा हळू फिरवून पाहिला आणि विचारलं, "मावशी, धार कशी काढता ते दाखवता?"

"इथं? म्हस कुठनं आणू?"

शायनानं रबरी हातमोज्यात पाणी भरलं, वर गाठ मारली, एका बोटाला सुईनं भोक पाडलं आणि तो मोजा मोनालीच्या हातात लटकता धरायला दिला. सोजराबाईला हसू आवरेना. पण तिनं हात लावला आणि सवयीनं अंगठा आपोआप आत गेला. दुखत असतानाही पाण्याची चिळकांडी थेट समोरच्या भिंतीवर गेली.

"बघितलंत?" सोजराबाई म्हणाली. एवढ्या दुखण्यातही तिला त्या धारेचा अभिमान वाटला.

"बघितलं," शायना म्हणाली. "आमचे दादा, म्हणजे आजोबा, बांगडी भरताना बायकांचा अंगठा असाच आत दाबायचे. तेवढ्यापुरता सांधा दबतो आणि बांगडी गेली की मोकळा होतो. तुम्ही तो चाळीस वर्षं रोज दोन्ही वेळच्या धारेला दाबून धरलाय."

मग तिनं आपल्याच हातावर बोट ठेवून समजावून सांगितलं. अंगठ्याच्या बुडाशी दोन हाडं एकमेकांवर बसलेली असतात, घोड्यावर खोगीर बसतं तशी. म्हणून तर अंगठा पुढं-मागं, आत-बाहेर सगळीकडं वळतो, समोरच्या बोटांना जाऊन भिडतो. बाकीच्या बोटांना हे जमत नाही. त्या दोन हाडांच्या तोंडावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला पांढरं, कुरकुरीत लागतं, तसलाच. मध्ये थोडंसं वंगण असतं. हाडं जागेवरून सटकू नयेत म्हणून त्यांना चिवट पट्टे बांधून ठेवतात, ते अस्थिबंध. आणि हाताच्या स्नायूंचा जोर अंगठ्यापर्यंत आणणाऱ्या दोऱ्या वेगळ्या, त्या कंडरा. यातलं एकही बिनसलं की सगळ्या हालचालीची घडी मोडते.

"अंगठ्याच्या टोकाला एक किलो जोर लावलात, तर बुडाच्या सांध्यावर दहा-बारा किलोचा भार येतो. तुमचे पट्टे ढिले पडले, हाड खोगिरावरून सरकत राहिलं आणि वरची कूर्चा झिजून गेली. आता हाडावर हाड घासतंय."

"मंग कूर्चा पुन्हा येती का?"

"नाही मावशी. तिला रक्ताचा पुरवठाच नसतो. जखम भरते, मोडलेलं हाडसुद्धा जुळतं. कूर्चा नाही भरून येत."

सोजराबाईनं मान डोलावली. म्हातारपणी माणसाला काही ना काही व्हायचंच, या हिशेबानं तिनं ते ऐकून घेतलं. पण शायना पुढं म्हणाली, "खरी रीत मुठीची. त्यात सडालाही इजा होत नाही आणि अंगठ्यालाही. तुम्हाला कुणी मुठीनं काढायला शिकवलं नाही का?"

तेव्हा मोनालीनं मोजा धरलेला हात खाली घेतला. ओला मोजा टेबलावर ठेवून तिनं दुसरा हात पदराखाली नेला. शायनाच्या ते लक्षात आलं. "बघू तुमचा," ती म्हणाली. मोनाली नको नको म्हणत होती. शायनानं तिचा अंगठा धरून किंचित दाबत फिरवला आणि मोनाली कळवळली.

"किती दिवस दुखतंय?"

"वरीस झालं."

सोजराबाईनं सुनेकडं पाहिलं. वर्षभर एका घरात, एका गोठ्यात, एका तव्यावरची भाकरी खाऊन तिला हे दिसलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दोनदा दिसलं होतं. पोळपाट उचलताना मोनालीनं हात झटकलेला तिनं पाहिला होता. हल्लीच्या पोरी नाजूक, म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

मोनालीचे पट्टे ताणले गेले होते, पण कूर्चा अजून शाबूत होती. आता थांबलं तर हात वाचेल, असं शायनानं सांगितलं. तिनं अंगठ्याला आधार देणारा पट्टा बांधून दिला आणि बजावलं, धार बंद. मोनालीनं विचारलं, "पंधरा दिवसांत हात चालंल का? मला कंपनीत टेस द्यायचीय."

ही टेस्ट म्हणजे मोनालीचा जीव की प्राण झाली होती. रांजणगावच्या एमआयडीसीत एक कंपनी गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधायची. तिथं बायकांची भरती निघाली होती आणि वयाची अट होती अठ्ठावीसच्या आत. मोनालीला ज्येष्ठात अठ्ठावीस पुरी होत होती. दोनदा अर्ज केला तेव्हा बोलावणं आलं नव्हतं, या वेळी आलं होतं. लायनीवर उभं राहून दोन तास प्लास्टिकच्या क्लिपा अंगठ्यानं दाबून बसवून दाखवायच्या, एवढीच परीक्षा. तिला गळ्यात पट्टा घालायचा होता, त्याला कार्ड, कार्डावर आपला फोटो आणि आपलं नाव. हे तिनं सासूला एकदाच सांगितलं होतं, तेही पाठ करून धुणं पिळताना.

"पंधरा दिवस या हाताला पूर्ण विश्रांती दिलीत तर दोन तास निघतील," शायना म्हणाली. "एकदाही धार काढायची नाही. एकदाही नाही."

परतीच्या एसटीत न्हावरा फाटा आला तेव्हा सोजराबाई म्हणाली, "उद्यापसनं तू गोठ्यात पाय ठिवायचा न्हाई." आणि तिनं ते पाळलंही. सत्यजीतला धारेला बसवून पाहिलं, तर मोठ्या म्हशीनं पहिल्याच दिवशी त्याला शेणात लोळवलं. भाड्यानं धारेचं मशीन आणून पाहिलं, तर जन्मभर अंगठ्याची सवय लागलेल्या म्हशींनी पान्हा चोरला. सोजराबाईनं मुठीनं काढून पाहिलं. अंगठा बाहेर ठेवायचा, असं ती स्वतःला बजावायची आणि दोन धारा निघाल्या की तो पुन्हा आत. चाळीस वर्षांचं वळण ते, सांगून थोडंच जाणार होतं. शेवटी ती होती तशीच काढत राहिली, फडकं दातात धरून. एकेका म्हशीला पाऊण तास लागायचा. मोनाली ओट्यावरून बघत बसायची आणि तिला तसं बघत बसलेलं सोजराबाईला बघवायचं नाही.

आठव्या दिवशी तिनं म्हशी विकायचं काढलं. सत्यजीत म्हणाला, "आये, म्हशींबिगर तू काय करशील?" तिलाही ते माहीत नव्हतं. पण टेस्ट झाली तरी म्हशी दावणीला राहणारच होत्या, आणि म्हशी राहिल्या की आज ना उद्या मोनालीचा अंगठा पुन्हा त्यांच्याखाली जाणार, हे तिला दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या हातच्या कामाला भ्यायली होती.

यवतचा म्हशींचा व्यापारी मच्छिंद्र शनिवारी दुपारी टेम्पो घेऊन आला. म्हशी पारखण्यात मुरलेला गडी. दुभती म्हैस घ्यायची तर गिऱ्हाईक दोन वेळची धार डोळ्यांनी बघतं, ही इकडची रीत. एका वेळेला फसवता येतं, आधीची वेळ चुकवून कास तट्ट भरून दाखवतात. म्हणून संध्याकाळची आणि सकाळची, दोन्ही बघायच्या आणि मग दावं हातात घ्यायचं. तिन्ही म्हशी एकदम घ्यायला तो तयार होता, पण एक जरी कमी उतरली तर तिन्ही राहू द्या, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं. मोनालीची टेस्ट सोमवारी सकाळी आठला होती.

शनिवारची संध्याकाळ सोजराबाईनं निभावून नेली. कशी नेली ते तिचं तिला ठाऊक. ओठ चावून चावून खालचा ओठ सोलला होता. रविवारी सकाळी पहिली म्हैस झाली, दुसरी झाली. तिसरी मोठी, तिचे सड कडक. निम्मी धार निघाली आणि अंगठा बुडातून सटकला. हात सडावर होता, पण आवळतच नव्हता. म्हशीनं मान वळवून मागं पाहिलं आणि पान्हा आखडता घेतला.

मच्छिंद्र चरवीत वाकून म्हणाला, "मावशी, काल तर आठ लिटर हुती. आटली का काय?"

"आटंल कशी? जरा दमा."

"पान्हा चोरणारी म्हस मी न्हेत न्हाई. तुमाला ठावं हाय."

ती पुन्हा धरायला गेली. तेवढ्यात मोनाली ओट्यावरून उठली, हाताचा पट्टा सोडून तिनं दातात धरला आणि खाली बसली. "सरका आत्या," एवढंच म्हणाली.

इथं सोजराबाईनं 'ऊठ' म्हणायला हवं होतं. शब्द तोंडात आला होता. म्हशी राहिल्या असत्या तर राहिल्या असत्या, पुढच्या आठवड्यात दुसरं गिऱ्हाईक आलं असतं. पण मच्छिंद्र बघत होता, सत्यजीत बघत होता, आणि सोजराबाईच्या दावणीची म्हैस धारेला कमी उतरली असं यवतपर्यंत झालं असतं. ती सरकली.

मोनालीनं पुठ्ठ्यावर दोन थापा मारल्या, सडांना हात फिरवला, म्हैस सैल पडली. मग अंगठा आत गेला. पहिली धार, दुसरी धार, आणि चरवी घुमायला लागली. चेहरा म्हशीच्या कुशीला लावलेला, त्यामुळं तो कुणाला दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त हात, आणि तो हात हुबेहूब सोजराबाईचा होता, वीस वर्षांपूर्वीचा.

"वा," मच्छिंद्र म्हणाला. "सुनंच्या हाताला सासूचंच वळण हाय."

आणि सोजराबाईला बरं वाटलं. हे नंतर तिला कितीही खोडून काढावंसं वाटलं तरी खरं तेच होतं. छाती क्षणभर भरून आली, तोंडावर हसू आलं, आणि "म्या शिकवलंय तिला" असं ती बोलूनही गेली.

चरवी भरली. मोनाली उठली ती डाव्या हातावर भार देऊन. उजवा हात तिनं पोटाशी धरला होता. मच्छिंद्रनं म्हशी टेम्पोत चढवल्या. मोठी चढेना, तेव्हा सोजराबाईनंच तिला पाठीवर थाप मारून वर घातली. दिवसभर सोजराबाई तेल कोमट करून मोनालीचा अंगठा चोळत राहिली. मोनालीनं चोळू दिलं. शायनाला फोन लावला तर रविवारचं क्लिनिक बंद होतं.

सोमवारी सत्यजीतनं तिला गाडीवर बसवून पहाटे रांजणगावला नेलं. सोजराबाईला करायला काहीच नव्हतं. तिनं रिकामा गोठा झाडला, मग पुन्हा झाडला, मग शेणाचा वास जाऊ नये असं काहीतरी वाटून झाडू टाकून दिला. साडेनऊला फाटकाची कडी वाजली. आठला सुरू होऊन दहाला संपणारी टेस्ट, आणि सून साडेनऊला दारात. विचारायची गरज नव्हती. तरी तिनं विचारलं.

"किती येळ निभलं?"

"पंचवीस मिंटं." मोनाली उंबऱ्यावर बसली. "पयल्या चाळीस क्लिपा बसल्या. मंग अंगठा दाबंना. मॅडम चांगल्या हुत्या. म्हनल्या, घाई करू नका. पन क्लिप खालीच पडायची. हातातनं पडायची नुसती."

"पुन्हा बोलावतील का?"

"वय बसत न्हाई, आत्या."

सत्यजीत गाडी लावून आत आला, दोघींकडं बघून मागच्या दारानं वाढ्याच्या पेंढ्यांकडं निघून गेला. म्हशी नव्हत्या तरी त्यांच्या चाऱ्याचं उसाचं वाढं तसंच पडलं होतं. सोजराबाई सुनेसमोर खाली बसली. अंगठ्याचं टेंगूळ ती दुसऱ्या हातानं कुरवाळत होती. साठ वर्षांत तिनं कुणाची माफी मागितली नव्हती, नवऱ्याची नाही की देवाची नाही. ते शब्दच तिला नीट येत नव्हते.

"माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "तवाबी, आन् कालबी."

हे बोलून ती थांबली. सुना अशा वेळी काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. 'असं काय बोलताय आत्या', 'तुमचा काय दोष', 'माझं नशीब'. भागुबाईला ती स्वतः शंभरदा असंच म्हणाली होती. त्या वाक्याची ती वाट बघत राहिली, कारण त्या एका वाक्यावर तिचे उरलेले दिवस निघाले असते.

मोनालीनं वर पाहिलं. डोळे कोरडे होते.

"व्हय," ती म्हणाली, आणि उठून चुलीकडं गेली. स्वयंपाक तिलाच करायचा होता.